पुलावरचं तेल

कातळीच्या पुलावरच्या शेंदरी खांबाला शनिवारी सकाळी तेल चढायचं, आणि खाली ओघळलेलं ते तेल दिवस बुडायच्या आत चंद्रव्वा पुसून काढायची. एका हातात राखेचा डबा, दुसऱ्या हातात गोणपाटाचा तुकडा. उकिडवं बसायचं, राख पसरायची आणि लोखंड कोरडं होईतो घासायचं. मग उठून अनवाणी पायानं तिथं दोनतीनदा फिरून पाहायचं. पाय जरा जरी सरकला तरी पुन्हा खाली बसायची. गावातल्या काही बाया म्हणत, "देवाचं त्याल पुसतीया, हिला नरकात तरी जागा मिळंल का?" काही म्हणत, "सेवा करतीया बिचारी, करू द्या की." चंद्रव्वा आणखी एक मूठ राख टाकायची. आठ वर्षांत तिचा एक शनिवार चुकला नव्हता. अंगात ताप असतानाही ती कठडा धरत धरत गेली होती.

सोलापुराहून विजापूरकडे जाताना भीमा लागते. इतर ठिकाणी ती पसरट, आळसावलेली. पण कातळीपाशी काळ्या खडकात शिरते आणि खोल घळ कापत जाते. दोन्ही काठ भिंतीसारखे सरळ. वरून खाली पाहिलं की पाण्यात बसलेल्या म्हशी शेळ्यांएवढ्या दिसायच्या. पूर्वी गाड्यांना चार कोस वळसा घालून उतारावर जावं लागे, आणि पावसाळ्यात तर तिथंही मुक्काम ठोकून बसावं लागे. मग सरकारच्या मनात आलं की थेट घळीवरूनच रस्ता न्यावा. सव्वीस साली सोलापूरच्या स्टेशनात लोखंड उतरू लागलं. एकेका तुळईला दहा-दहा बैल जुंपून ते कातळीला आणलं, आणि काठावर मजुरांच्या झोपड्यांचं एक गावच उभं राहिलं.

त्या झोपड्यांतल्या एकीत ईश्वरप्पा आणि चंद्रव्वा राहायला आले. ईश्वरप्पा सोलापूरच्या गिरणीत लोखंडकामाला होता. संपात गिरणी सुटली आणि तो पुलाच्या कामाला लागला. चंद्रव्वा कुंभारी गावची. घरात कानडी, दारात मराठी, आणि भीती वाटली की परत कानडी. मूलबाळ नव्हतं. नवरा हेच तिचं सगळं. नेमका तोच घळीवर, शंभर हात उंच, वीतभर रुंदीच्या लोखंडावर उभा राहून तापलेले खिळे झेलायचा. पलीकडच्या फळ्यांवर भट्टी पेटलेली असे. भट्टीवाला चिमट्यानं लालभडक खिळा फेकी आणि ईश्वरप्पा पत्र्याच्या डब्यात तो झेली. दुसरा तो भोकात घाली, तिसरा ठोकी. झेलणाऱ्यानं पायाकडे बघायचं नसतं, खिळ्याकडे बघायचं असतं. हे ईश्वरप्पानं तिला कौतुकानं सांगितलं, आणि त्या दिवसापासून तिची झोप उडाली.

शेजारची झोपडी ज्ञानबाची. तो सांगोल्याकडचा. दुष्काळात शेरडं विकून बायको सोनाबाई आणि पाच वर्षांची मथुरा यांना घेऊन आला होता. दोर ओढायच्या कामावर होता. गळ्यात तुळशीची माळ, तोंडात कधी वावगा शब्द नाही, दारू-ताडी तर लांबच राहिली. लोक चेष्टेनं म्हणत, "ज्ञानबाला ताकसुदिक चढतंय." सोनाबाई मात्र तोंडाळ, हसरी आणि मनानं मोकळी. चंद्रव्वाचं मराठी अडलं की तीच वाक्य पुरं करून द्यायची. दोघींची चूल वेगळी होती एवढंच. कालवण इकडून तिकडे जायचं आणि भाकरी तिकडून इकडे यायची. सख्ख्या बहिणींत होतं तेवढं भांडणही त्यांच्यात झालं नाही.

दोघींना काम मिळालं ते शेंदराचं. लोखंडाला गंज चढू नये म्हणून रंगाआधी शेंदूर लावायचा असतो. पत्र्याच्या डब्यांतून शेंदूर यायचा. तो जवसाच्या तेलात कालवायचा आणि कुंचल्यानं फासायचा. कोपरापर्यंत हात लाल व्हायचे. आता गंमत अशी, की डबा आपण फोडला, तेल आपण ओतलं, कालवताना गुठळ्या राहिल्या म्हणून मुकादमाच्या शिव्या आपणच खाल्ल्या. पण तोच शेंदूर एकदा उभ्या खांबाला लागला की चंद्रव्वाचे हात आपोआप जोडले जायचे. तिचा काय दोष? जन्मल्यापासून तिनं शेंदूर पाहिला तो देवालाच. वेशीवरचा दगड शेंदूर लावेपर्यंत दगड असतो. त्यानंतर त्याच्याकडे पाय करून बसायची हिंमत आहे का कुणाची?

कातळीच्या लोकांचंही तेच झालं. घळीवर सकाळच्या उन्हात तो लालभडक पूल पुढे पुढे सरकताना त्यांनी पाहिला आणि त्यांना धडकी भरली. एवढा मोठा देव उभा राहतो म्हटल्यावर तो काहीतरी मागणारच. "पुलाला माणूस लागतं," असं पहिल्यांदा कोण बोललं देव जाणे, पण महिनाभरात आयांनी पोरं घरात कोंडायला सुरुवात केली. चंद्रव्वानं ते ऐकलं. माणूस लागतं म्हणजे कुणाचं? जो सगळ्यात पुढे उभा असतो त्याचं.

एकदा वाऱ्याच्या झोतानं ईश्वरप्पाचा तोल गेला आणि दोर हाताला लागला म्हणून वाचला. त्या संध्याकाळी ती खांबापुढं उभी राहिली आणि कुणाला न सांगता नवस बोलली, "हणमप्पा म्हण, काय म्हण, तू जो कोण हायस तो. माझ्या माणसाला राख. पाच शनवार त्याल घालीन."

पहिले चार शनिवार कसलाही गाजावाजा झाला नाही. काम सुरू व्हायच्या आधी, उजाडताना, ती काठाजवळच्या खांबाला वाटीभर गोडं तेल घालायची. तिथं खाली माती होती. तेल मातीत जिरून जायचं. पाचव्या शनिवारी मात्र तिच्या मनानं घेतलं की नवस फेडायचा तर जिथं धनी उभा राहतो तिथंच फेडावा. देव कसा, जवळ असला पाहिजे. शेवटचा शनिवार म्हणून तिनं वाटीऐवजी तांब्या घेतला. फळ्यांवरून ती तोल सांभाळत गेली, कालच आपण शेंदूर फासलेल्या पुढच्या खांबापाशी थांबली आणि डोळे मिटून तांब्या रिता केला. तेल खांबावरून ओघळलं, खालच्या तुळईवर पसरलं. तिथं माती नव्हती. ओल्या शेंदरावर तेल कुठलं आणि रंग कुठला, हे कुणालाही दिसलं नसतं. तिलाही दिसलं नाही. डोळ्यांत पाणी होतं, आणि मन एकदम हलकं झालं होतं.

ती परत आली तर ईश्वरप्पा झोपडीतच बसलेला. आदल्या दिवशी खिळा डब्याच्या काठाला लागून तळहातावर पडला होता. रात्रीत हात सुजून टम्म झाला. "आज मी न्हाय जात," तो म्हणाला. "ज्ञानबा म्हनला, तू ऱ्हा, मी झेलतो. लई दिवस झाले, त्याला शिकायचं हुतंच."

चंद्रव्वाला तेव्हाही काही सुचलं नाही. उलट तिला वाटलं, नवस पावला.

भट्टी पेटली. तीन खिळे ज्ञानबानं बरोबर झेलले. चौथा जरा डावीकडे आला आणि त्यानं डावा पाय पुढे टाकला. बाकीच्यांनी एवढंच पाहिलं की आता होता तो माणूस आता नाही. डबा तेवढा तुळयांवर आपटत, खणखणत बराच वेळ खाली जात राहिला. सोनाबाई शेंदूर कालवत होती. तिनं आवाज ऐकून मान वर केली आणि म्हणाली, "कुनाचा डबा पडला गं?"

सगळे खालच्या वाटेनं नदीकडे धावले. चंद्रव्वा वर धावली. तुळईवर पायाच्या पाच बोटांची खूण होती, आणि त्या खुणेपासून कडेपर्यंत एक लांब ओरखडा. तिनं बोट लावून पाहिलं. बोट नाकाशी नेलं. जवस नव्हतं, तिच्या घरातलं गोडं तेल होतं. "अय्यो देवरे," एवढंच तिच्या तोंडून निघालं. आणि मग तिनं जे केलं ते करताना तिनं विचार केला नव्हता, एवढं आपण तिच्या बाजूनं म्हणू या. तिनं पदर सोडला, खाली बसली आणि ती खूण, तो ओरखडा, ते तेल, सगळं पुसून टाकलं. मग ती खाली गेली आणि सोनाबाईच्या गळ्यात पडून सगळ्यांपेक्षा मोठ्यानं रडली. ते रडणं खोटं नव्हतं. पण लुगडं तिनं त्याच रात्री चुलीत घातलं.

मुकादम बाळासो हुशार माणूस. झेलणाऱ्याच्या कमरेला दोर का नव्हता, असं पुलाच्या साहेबानं विचारायच्या आत त्यानं सांगून टाकलं, "ताडी पिऊन आला हुता, साहेब. वास येत हुता." उचलली जीभ लावली टाळ्याला. साहेबानं लिहून घेतलं आणि तो मोटारीतून निघून गेला. सोनाबाई कपाळ बडवून सांगत राहिली, "माळकरी हुता हो माझा मालक, ताडीच्या झाडाच्या सावलीला बसत न्हवता." पण लिहिलेल्यापुढं बाईच्या बोलण्याला कोण विचारतो?

कातळीचे लोक मात्र सुटकेचा निःश्वास सोडून मोकळे झाले. पुलाला माणूस मिळालं. आता पोरं बाहेर खेळायला हरकत नाही. पूल पुरा झाला, त्याला राखाडी रंग चढला, पण ज्ञानबा पडला तिथला तो एक खांब लोकांनी शेंदरीच ठेवला. शनिवारी त्याला तेल चढू लागलं. नवस करणारी एकटी होती तोवर तो देव कुणाला ठाऊक नव्हता. माणूस खाल्ल्यावर त्याचा महिमा वाढला.

ईश्वरप्पाला पुलावर राखणदाराची नोकरी लागली आणि काठावर एक खोली मिळाली. सोनाबाई सांगोल्याला परत गेली नाही. "कुटं जाऊ? धनी हितं हाय," म्हणत कातळीतच रोजगार करून राहिली. मथुरेची वेणी चंद्रव्वानं घातली, तिला कानडी ओव्या शिकवल्या, आजारपणात मांडीवर घेतलं. लोक म्हणत, सख्खी मावशी करणार नाही एवढं करते. खाई त्याला खवखवे, हे लोकांना कुठून कळावं?

सांगायचं तिच्या मनात शंभरदा आलं. दळताना आलं, नदीवर आलं, सोनाबाई ताप उतरवायला तिच्या पायाचे तळवे चोळत बसली होती तेव्हा तर ओठावर आलं. पण दिवस जितके गेले तितकं तोंड जड होत गेलं. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर चूक होती. वर्षानंतर सांगायचं म्हणजे चूक आणि वर वर्षभराची लबाडी. आठ वर्षांनी काय म्हणायचं? म्हणून ती तेल पुसत राहिली. दुसरा कुणाचा पाय सरकू नये, हे खरंच होतं. आणि त्या घासण्यातून आपलंही काहीतरी निघून जाईल, असं तिला वाटायचं. जात काहीच नव्हतं.

पस्तीस साली मथुरेला स्थळ आलं. पूल ओलांडून पलीकडे दोन कोसांवर हिंदुराव नावाचे खाऊनपिऊन सुखी शेतकरी राहत. त्यांचा धाकटा मुलगा. पाहणं झालं, पोर पसंत पडली, सुपारी फोडायची तेवढी राहिली. सोनाबाईनं दोन दिवस आधीपासून घर सारवून ठेवलं. चंद्रव्वा पुरणाला मदतीला गेली होती. हिंदुराव आले, पाणी प्याले, पान मात्र उचललं नाही.

"बाई, पोर गुनाची हाय," ते म्हणाले. "पन आमी चौकशी केली. हिचा बा ताडी पिऊन पुलावरनं पडला म्हनत्यात. पेताडाच्या घरची सून नको, आसं आमच्या घरचं मत पडलं."

"प्याला न्हवता वो," सोनाबाई म्हणाली. आठ वर्षं ती हे मोठ्यानं सांगत आली होती. त्या दिवशी ती सारवलेल्या जमिनीकडे बघत पुटपुटली, "माळकरी हुता."

"आसंल की. पन बघनारं कोन हाय?"

बघणारी चुलीपाशी पुरण घाटत होती. तिचा हात थांबला. हिंदुराव उठले, मथुरा आतल्या कोपऱ्यात तोंड झाकून बसली, आणि खाली लागलेल्या पुरणाचा वास घरभर सुटला.

दुसरा दिवस शनिवार. बायका तेल घालून परतत होत्या. चंद्रव्वाला घरात राहवलं नाही म्हणून ती त्या दिवशी सकाळीच राख घेऊन पुलावर आली होती. तेवढ्यात सोनाबाई आली. डोक्यावर पदर नाही, हातात तेलाची वाटी नाही. तिनं सरळ जाऊन खांबावर दोन्ही हात ठेवले. देवाला शिवून शपथ घ्यायची ती तशीच घ्यायची असते.

"तू हुतास तितं," ती खांबाला म्हणाली. बायका थांबल्या. "तू खाल्लंस त्याला. माजी तक्रार न्हाय, तुला पायजे हुतं, तू घेतलंस. पन तो पिऊन आला हुता का, त्येवढं सांग. आला आसंल तर हितं माजी जीब झडू दे. आन नसंल आला, तर सांग की रं कुनाला तरी! माज्या पोरीचं वाटुळं झालं, बोल की!"

खांब काय बोलणार? ती कपाळ त्याच्यावर आपटायला लागली. शेंदूर कपाळाला लागत होता. आठ वर्षांपूर्वी पुसलेल्या कुंकवाच्या जागी तो लाल डाग पाहिला आणि चंद्रव्वाच्या हातातला डबा सुटला.

"ब्याड, सोना, ब्याड," ती ओरडली. "त्याला नको विचारू. त्यानं काय बी न्हाय केलं. मी केलं."

आणि तिनं सांगितलं. अर्धं कानडीत, अर्धं मराठीत. नवस, तांब्या, पाच बोटांची खूण, पदर, चूल. बायका तोंडावर पदर धरून ऐकत होत्या. ईश्वरप्पा चौकीतून धावत आला होता. ऐकता ऐकता त्यानं आपला उजवा तळहात उघडला आणि त्यावरच्या जुन्या डागाकडे नुसता बघत राहिला.

सोनाबाई हळूच म्हणाली, "म्हंजे प्यालेला न्हवता?"

"न्हाय."

"त्यालावरनं पाय सरकला?"

"व्हय. माज्या त्यालावरनं."

"प्यालेला न्हवता!" सोनाबाई बायकांकडे वळून हसली. कपाळाला शेंदूर, डोळ्यांतून धारा, आणि हसत होती. "आईकलंसा न्हवं? मी म्हनत हुते की! माळकरी हुता माजा धनी!" तिनं चंद्रव्वाचा हात घट्ट धरला. "चल. हिंदुरावास्नी सांग. जसं आता सांगितलंस तसंच सांग."

दोन कोस तिनं तो हात सोडला नाही. हिंदुरावांच्या अंगणात, चार माणसांसमोर, चंद्रव्वानं सगळं पुन्हा सांगितलं. या वेळी मराठी कुठं अडलं तर सोनाबाई नेहमीसारखी वाक्य पुरं करून देत होती. आपल्याच नवऱ्याच्या मरणाचं वाक्य. हिंदुरावांनी सोनाबाईच्या कपाळावरच्या शेंदराकडे पाहिलं. मग म्हणाले, "आपल्याच तोंडानं आसं कोन उगा बोलत न्हाय." आणि आत सुपारी आणायला सांगितली.

परतताना दोघी पुलाच्या मध्यावर आल्या. तो खांब आला. तिथं सोनाबाईनं हात सोडला.

"भीतीनं त्याल घातलंस, त्येचं काय न्हाय," ती खांबाकडे बघत म्हणाली. "मी बी घातलं आसतं. पन तू पुसलंस. पुसलंस, आन माज्या गळ्यात येऊन पडलीस. आठ वर्सं तुजं कालवान खाल्लं मी."

चंद्रव्वानं तिचे पाय धरायला वाकावं तोवर ती पुढे निघूनही गेली होती.

मथुरेचं लग्न मार्गशीर्षात झालं. काठावरच्या खोलीत अक्षत आली नाही. वाजंत्री पुलावरून गेली तेव्हा ईश्वरप्पानं पुलाचं फाटक उघडून धरलं आणि मान खाली घातली. वऱ्हाडाच्या गाडीतून मथुरेनं खोलीच्या दाराकडे पाहिलं, पण तोवर चंद्रव्वा आत सरकली होती.

पुढच्या शनिवारी दिवस कलताना तिनं राखेचा डबा घेतला. निदान एवढं तरी आपलं आहे, असं मनाशी म्हणत ती खांबापाशी गेली. खाली बसून तिनं बोट लावलं. लोखंड कोरडं होतं. खालची तुळई घासूनपुसून लखलखीत झाली होती आणि सांध्यात थोडी राख तेवढी उरली होती. तिनं वर पाहिलं. पुलाच्या टोकाशी सोनाबाई चालली होती, एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात गोणपाट.

त्यानंतरच्या शनिवारी चंद्रव्वा लवकर गेली. तेव्हाही लोखंड कोरडंच होतं.